खेळाडू हवा, विद्यार्थी नको!

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फिलाडेल्फिया नावाचे एक लहान गाव आहे. त्याच नावाच्या मोठ्या शहराशी या गावाचा काही संबंध नाही. २१ जून १९६४ च्या रात्री या गावाबाहेर तीन तरुणांना गोळ्या घालून मारण्यात आले. जेम्स चेनी काळा होता, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर गोरे होते. काळ्यांची नावे मतदार यादीत यावीत यासाठी चाललेल्या मोहिमेचे हे कार्यकर्ते. गावच्या उपशेरीफने त्यांना आधी तुरुंगात डांबले, रात्री सोडले आणि नंतर वाटेत गाठून क्लू क्लक्स क्लॅनच्या टोळीच्या हवाली केले. ४४ दिवसांनी त्यांची प्रेते मातीच्या बंधाऱ्याखाली सापडली.

या खुनांच्या एक महिना आधी याच गावातील एका काळ्या घरात एक मूल जन्मले. त्याचे नाव मार्कस डुप्री. हा मुलगा सतरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच गावात देशभरातून गोऱ्यांची रीघ लागली. काळ्यांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटणाऱ्यांना जेथे मातीत गाडले गेले, तेथेच एका काळ्या आईच्या घरी मोठमोठ्या विद्यापीठांचे गोरे प्रशिक्षक येऊन बसू लागले. मुलगा आमच्या विद्यापीठाला द्या, अशी मनधरणी करू लागले.

सतरा वर्षांत असे काय घडले? गोऱ्यांचे हृदयपरिवर्तन झाले काय? आम्ही म्हणतो, नाही. मार्कस डुप्री फुटबॉल खेळत होता आणि असा खेळत होता की शाळेच्या संघाकडून त्याने ८७ टचडाउन करून हर्शेल वॉकर या गाजलेल्या खेळाडूचा शालेय विक्रम मोडला होता. विद्यापीठांना त्याची गरज होती. गरज निर्माण झाली की व्यवस्थेला गुणवत्ता दिसू लागते. गरज नसेल तर तीच गुणवत्ता समोर उभी असूनही दिसत नाही.

हा फुटबॉल आपल्या मैदानातला, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात धरून पळायचे आणि समोरच्यांनी अंगावर धडकून पळणाऱ्याला पाडायचे, असा हा खेळ. मोठ्या विद्यापीठांचे सामने पाहायला लाख-लाख माणसे स्टेडियममध्ये जमतात. दूरचित्रवाणीचे हक्क अब्जावधी डॉलरना विकले जातात. या साऱ्या उलाढालीचा कच्चा माल येतो तो हायस्कुलातून. अमेरिकेत सुमारे १० लाख मुले हायस्कुलात हा खेळ खेळतात. त्यांतील शंभरात सातांच्या आसपास मुलांनाच कॉलेजच्या संघांत जागा मिळते. कॉलेजातून पुढे व्यावसायिक संघात जाणारे तर शंभरात दोघेही नसतात.

ही भरती कशी चालते? मुलगा दहावी-अकरावीत असतानाच त्याच्या खेळाच्या चित्रफिती प्रशिक्षकांकडे पोहोचतात. उन्हाळ्यात शिबिरे भरतात. तेथे उंची, वजन, पळण्याचा वेग मोजला जातो आणि मुलांना तारे लावले जातात, कुणाला दोन तर कुणाला पाच. मग पत्रे, फोन, शाळेत भेट, घरी भेट. विद्यापीठ आपल्या खर्चाने मुलाला बोलावून आपला थाट दाखवते. शेवटी सह्यांचा दिवस येतो. पूर्वी हा दिवस फेब्रुवारीत असे, २०१७ पासून डिसेंबरातही सह्या होऊ लागल्या. टेबलावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या मांडलेल्या असतात. मुलगा त्यांतली एक उचलून डोक्यावर घालतो, कॅमेरे चमकतात, आईच्या डोळ्यांत पाणी येते.

त्या पाण्याची आम्ही टिंगल करणार नाही. घरातला पहिला मुलगा विद्यापीठात चालला आहे, याचा आनंद काय असतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या टोपीखालच्या डोक्याचे पुढे काय होते?

त्याआधी ही दारे कशी उघडली तेही पाहिले पाहिजे. अलाबामा विद्यापीठाच्या दारात ११ जून १९६३ रोजी राज्याचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः आडवा उभा राहिला. व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन काळ्या विद्यार्थ्यांना आत जाऊ द्यायचे नाही, हा त्याचा हट्ट. राष्ट्रपती केनेडींना नॅशनल गार्ड ताब्यात घेऊन ते दार मोकळे करावे लागले. याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९७० साली विल्बर जॅक्सन या काळ्या मुलाला शिष्यवृत्ती दिली. आज तेथे एक दंतकथा सांगितली जाते. सप्टेंबर १९७० मध्ये कॅलिफोर्नियाचा संघ अलाबामात आला, त्यातील सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने गोऱ्या संघाची धूळधाण केली आणि एका संध्याकाळी गोऱ्यांचे डोळे उघडले, अशी ती कथा.

कथा गोड आहे, पण इतिहास तसा नाही. त्या सामन्याच्या आधीच जॅक्सनची निवड झालेली होती. आणि त्याच्याही आधी, १९६९ साली, अलाबामाच्या काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने विद्यापीठावर आणि प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्यावर न्यायालयात दावा लावला होता. काळ्या मुलांना शिष्यवृत्त्या का देत नाही, असा सरळ सवाल त्यात होता. म्हणजे संघटित विद्यार्थ्यांनी व्यवस्थेला कोर्टात खेचले, हा भाग गाळायचा आणि एका सामन्याने सारे बदलले असे सांगायचे! चळवळीचे श्रेय पुसून ते मोठ्या मनाच्या माणसांच्या नावे जमा करण्याची ही रीत आमच्या वाचकांच्या ओळखीची आहे.

दार उघडले. आता सौदा पाहू. विद्यापीठ म्हणते, तू खेळ, आम्ही तुला शिक्षण देऊ. कागदावर हा सौदा वाईट नाही. पण तो पाळला कोणी? १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान कॉलेजचा खेळाडू डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. त्याच काळात कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला. खेळाडूला कामगार म्हणावे लागू नये, म्हणून हा शब्द! संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ साली आपल्या पुस्तकात ही कबुली दिली आणि या कारभारात गुलामांच्या मळ्यांची मनोवृत्ती नव्याने नांदते आहे, असे ठणकावून सांगितले. तीस-पस्तीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाची ही साक्ष आहे.

१९७३ साली याच संस्थेने चार वर्षांची शिष्यवृत्ती बंद करून ती एकेका वर्षाची केली. गुडघा मोडला, प्रशिक्षकाची मर्जी फिरली, की पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती नाही. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे आईसमोर बसून चार वर्षांच्या शिक्षणाच्या गोष्टी करायच्या आणि हातात कागद द्यायचा तो एका वर्षाचा.

आणि शिक्षण? डेक्स्टर मॅन्ली हा वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाचा नामांकित खेळाडू. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात तो चार वर्षे होता. १९८९ साली तो अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे उभा राहिला आणि त्याने रडत सांगितले की आपल्याला वाचता येत नव्हते. शाळेने त्याला पुढे ढकलले, कारण त्याला खेळता येत होते. विद्यापीठाने त्याला घेतले, कारण त्याला खेळता येत होते. वाचता येते की नाही, हे पाहण्याची गरज कुणालाच नव्हती.

यावर उपाय म्हणून एनसीएएने १९८३ साली एक नियम मंजूर केला आणि १९८६ पासून तो लागू झाला. ११ मूलभूत विषयांत सरासरी 'सी' श्रेणी आणि एसएटी परीक्षेत १६०० पैकी किमान ७०० गुण असतील तरच पहिल्या वर्षी खेळता येईल, असा हा नियम. काळ्या समाजात यावर मोठा वाद झाला. काळ्यांच्या महाविद्यालयांचे प्रमुख म्हणाले, ही परीक्षाच गोऱ्यांच्या घरातील मुलांना सोयीची आहे, तिच्या नावाखाली आमची मुले बाहेर काढली जातील. समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स, जे स्वतः काळ्या खेळाडूंच्या बंडाचे नेते, त्यांनी मात्र नियमाची बाजू घेतली. आमच्या मुलांकडून काहीच अपेक्षा न ठेवणे हाच मोठा अपमान आहे, असा त्यांचा रोख होता.

आम्हाला दोन्ही बाजूंत सत्य दिसते. परीक्षेची चाळणी लावून मोकळे होणारे लोक शाळा कशी आहे हे कधी विचारत नाहीत. पण आपल्या मुलाला पुस्तकाविना पुढे ढकलणारा माणूसही आपला मित्र नसतो. शाळा सुधारा आणि मग गुण मागा, हीच मागणी योग्य आहे.

या बाजारात दलाल नसतील तरच नवल. मेम्फिस शहरातील एका हायस्कूलच्या काळ्या खेळाडूला कोणत्या विद्यापीठात धाडायचे, याचा सौदा २००० च्या सुमारास त्याच्या स्वतःच्या शाळेतील प्रशिक्षकाने केला. अलाबामाच्या एका श्रीमंत पाठीराख्याने त्यासाठी दीड लाख डॉलर दिल्याचा आरोप होता. २००२ साली एनसीएएने अलाबामाला शिक्षा केली आणि २००५ साली ज्युरीने त्या पाठीराख्याला दोषी ठरवले. ज्या देशात माणसांचे लिलाव होत असत, त्या देशात काळ्या मुलाची किंमत दोन प्रौढ माणसे आपसांत ठरवतात, यावर आम्ही वेगळे काय भाष्य करावे?

मार्कस डुप्रीचे काय झाले? त्याने ओक्लाहोमा विद्यापीठ निवडले. १ जानेवारी १९८३ च्या फिएस्टा बाउल सामन्यात सामन्याचा बराच काळ बाहेर बसूनही त्याने २३९ यार्डांची धाव काढली. पण प्रशिक्षकाशी पटेना. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो विद्यापीठ सोडून घरी परतला. १९८४ साली व्यावसायिक संघात गेला, १९८५ साली गुडघा मोडला. १९९० साली पुन्हा उभा राहिला आणि थोडे दिवस खेळला. पुढे त्याने ट्रकही चालवला. २०१० साली त्याच्यावर माहितीपट निघाला, त्याचे नावच 'द बेस्ट दॅट नेव्हर वॉज'. घरी येऊन आईसमोर बसणाऱ्यांच्या त्या रांगेतले किती जण गुडघा मोडल्यावर त्या घरी पुन्हा आले असतील, हा प्रश्न वाचकांनीच स्वतःला विचारावा.

आता काळ बदलला आहे, हेही सांगितले पाहिजे. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. शिक्षणाशी संबंधित लाभांवर संस्थेला मर्यादा घालता येणार नाही, असा तो निकाल. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि छबीचे पैसे घेता येऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा एका विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हा पैसा कुणाच्या दयेने आला नाही. खेळाडूंनी दावे लावले, वर्षानुवर्षे लढले, तेव्हा तो आला.

पण पैसा आला म्हणून प्रश्न मिटला नाही. वरच्या पातळीवरच्या संघांत जवळजवळ निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, मुख्य प्रशिक्षक मात्र बहुतांश गोरेच. अलाबामाचे प्रशिक्षक निक सबान यांचे २०२३ चे वेतन १ कोटी १० लाख डॉलरहून अधिक होते. आता खेळाडू सहज विद्यापीठ बदलू शकतात, म्हणून प्रशिक्षक तयार, अनुभवी खेळाडू दुसरीकडून उचलतात आणि हायस्कुलातील नवख्या मुलाची जागा आकसते. दोन वर्षांत दोन विद्यापीठे फिरणाऱ्या मुलाची पदवी कोण पूर्ण करून घेणार? बोली वाढली, पण पुस्तकाचा प्रश्न होता तेथेच आहे.

हे सारे लिहिताना आम्हाला पालवणकर बाळू आठवतात. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात खेळपट्टी राखणारा हा चांभाराचा मुलगा. गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या सवर्ण हिंदूंना त्याची गोलंदाजी हवी होती. मैदानात त्याने हाताळलेला चेंडू चालत असे, चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेऊनही त्यांना कर्णधारपदी नेमले गेले नाही. ते पद १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही झगडल्यानंतर. हात हवा, माणूस नको, ही रीत मिसिसिपीचीच नाही.

आजही आपल्या वस्त्यांत चपळ पोरे आहेत. कुणी कबड्डीत, कुणी धावण्यात. त्यांना न्यायला कुणी दारात आले तर आईबापांनी हुरळून जाऊ नये आणि दारही लावून घेऊ नये. चार प्रश्न विचारावेत. मुलगा कोणत्या वर्गात बसणार? शिकवणार कोण? हातपाय मोडला तर खर्च कुणाचा? खेळ सुटला तरी शिक्षण चालू राहील काय? आणि उत्तरे तोंडी घेऊ नयेत, सहीनिशी कागदावर घ्यावीत. मार्कस डुप्रीच्या गावात मतदार यादीसाठी ज्यांनी जीव दिला, त्यांनाही कागदावरच्या नावाची किंमत ठाऊक होती.