बाईचं नाव

मंडळी, आपल्याकडे नाव ठेवण्याचा केवढा थाट असतो! पाळणा सजतो, आयाबाया जमतात, घुगऱ्या वाटल्या जातात आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. मुलगा असो की मुलगी, नाव मिळतं ते असं कोडकौतुकानं. मुलाचं नाव जन्मभर टिकतं. मुलीच्या नावाचं पुढे काय होतं, ते आज जरा पाहू.

लग्नात कित्येक घरी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरी वीस वर्षं जिला ‘गंगू’ म्हणून हाक मारली, ती सासरी ‘लक्ष्मी’ होते. मग ती कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची आई. नवऱ्याचं नाव घ्यायला तिच्यापाशी उखाणा असतो; तिचं नाव घ्यायचा प्रसंग मात्र गावावर फारसा येत नाही. उखाणा गोड आहे, तो खुशाल राहू द्या. पण नाव ही नुसती हाकेची गोष्ट नाही. कागदावर नाव, तिथे हक्क.

याचा अनुभव देशाला पहिल्याच निवडणुकीत आला. 1951-52 च्या त्या निवडणुकीसाठी याद्या करणारे दारोदार गेले, तेव्हा अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गळाली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. मताचा हक्क घटनेनं दिला होता, पण तो घ्यायला नाव हवं होतं.

आता आपल्या शिवारात या. खुरपणी बाईची, लावणी बाईची, वेचणी बाईची. पण सातबारा पाहा, तिथे बहुधा पुरुषाचं नाव. पीककर्ज असो की नुकसानभरपाई, सरकारदरबार आधी कागद पाहतो, हातांवरचे घट्टे पाहत नाही. घरधनी अकस्मात गेला, म्हणजे त्या बाईला आपण या शेतातलीच, हे कचेऱ्यांतून सिद्ध करत हिंडावं लागतं. हे दुखणं ओळखून शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावे करावी, असं ते सांगणं होतं. अनेक गावांनी ते मनावर घेतलं.

लेकीची गोष्टही तीच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मात्र मुलांनाच राहिला. महाराष्ट्रानं 1994 साली आणि साऱ्या देशानं 2005 साली तो मुलींनाही दिला. तरी बाप गेल्यावर हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो, आणि माहेर तुटेल या धास्तीनं बहीण सही करते. हक्क सोडायचा की नाही, तो तिचा प्रश्न. पण काय सोडतो हे वाचून, समजून सोडावं. नोंदवलेला कागद मागाहून सहजी फिरत नाही.

सगळंच निराशेचं आहे असं मात्र नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख ठरली. ग्रामपंचायतीत बायकांसाठी 1993 पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा राखीव आहेत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदपत्रांवर, आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. पाटीवर ‘सरपंच’ म्हणून बाईचं नाव आणि खुर्चीत तिचा नवरा, हे दृश्य अजून दिसतं खरं. पण आपल्या नावाखाली काय लिहिलंय, असं विचारून मगच सही करणाऱ्या सरपंचबाईही आता भेटतात. पाटीवरचं नाव अशा बायकाच खरं करतात.

मग आपण काय करावं? घरी सातबारा काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. घरात कुणी वारलं असेल, तर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे वेळेवर द्या; त्यात लेकी आणि विधवा वगळल्या नाहीत ना, हे बघा. गुरुजी आणि बाई, तुमच्या वर्गातल्या मुलांना एक लहानसा अभ्यास द्या. प्रत्येकानं आजीचं माहेरचं नाव विचारून यावं आणि वहीत लिहावं. कित्येक आज्या आधी हसतील, ‘आता कशाला ते?’ म्हणतील, आणि मग सांगतील. ती वही वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांची नावं गावात कुणी उच्चारली नाहीत, त्यांची नावं नातवंडांच्या तोंडून गावाला ऐकू येऊ द्यात.