लॅबचं खातं एक, ओटीपी कुणाच्या फोनवर?

पीएचडीला लागलात की पहिल्या काही महिन्यांतच लॅबचं एखादं जुनं सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात पडतं. कोड गिटहबवर, पॅकेज पायपीआयवर, दोन्हीकडे लॅबच्या नावाचं एकच खातं. पासवर्ड ग्रुपवर मिळतो. लॉगिन करायला गेलात की सहा आकडी कोड विचारला जातो, आणि तो असतो डिग्री घेऊन कधीच निघून गेलेल्या सीनियरच्या फोनमध्ये. टू-फॅक्टर बंद करून टाकू म्हणाल, तर ते जमत नाही. गिटहबने २०२३ पासून कोड टाकणाऱ्यांना ते टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं आणि पायपीआयने १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांनाच.

आधी हा कोड बनतो कसा ते बघू. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, पण ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड कुठूनही येत नाही, तो फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला स्कॅन केलेल्या क्यूआरमध्ये एक गुप्त किल्ली असते. अ‍ॅप ती किल्ली आणि घड्याळातली वेळ एकत्र करून दर ३० सेकंदांनी नवा कोड काढतं; सर्व्हरही त्याच किल्लीने तेच गणित करतो आणि उत्तरं जुळतात का ते पाहतो. म्हणून नेटवर्क नसलं तरी कोड दिसतो. म्हणूनच तोच क्यूआर तीन फोनवर स्कॅन केला तर तिन्हीकडे एकच कोड दिसेल.

म्हणजे वाटून घेणं सोपं आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. तिघं एकाच नावाने आत आले तर रिलीज कुणी काढलं, ब्रँच कुणी उडवली, हे नोंदीतून कळत नाही. एक जण लॅब सोडून गेला की किल्ली बदलून उरलेल्यांनी पुन्हा स्कॅन करायचं. हे कुणी करत नाही. आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट पासवर्ड असलेल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर दुसरं कुलूप लावलंच कशाला?

त्यामुळे कोड वाटण्याआधी खातं वाटायची खरंच गरज आहे का, ते विचारा. गिटहबच्या अटींनुसार एक लॉगिन अनेकांनी वापरायला मुळात परवानगीच नाही. लॅबची ऑर्गनायझेशन काढा, प्रत्येकाने आपापल्या खात्याने, आपापल्या टू-फॅक्टरने यायचं. ओनर किमान दोन हवेत, त्यातले एक गाईड. (सर म्हणतील, ‘मला कशाला?’ तरी करा. लॅबमध्ये टिकून राहणारे तेच असतात.) पायपीआयवरही एका प्रोजेक्टला अनेक ओनर आणि मेंटेनर जोडता येतात. नवी आवृत्ती चढवायला तर माणसाचं लॉगिनही लागत नाही. एप्रिल २०२३ पासून तिथे ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ आहे: गिटहब अ‍ॅक्शन्सला १५ मिनिटांपुरतं टोकन मिळतं आणि काम होतं.

तरीही डोमेनसारखी एकाच लॉगिनची खाती काही वेळा उरतात. तिथे पासवर्ड मॅनेजरच्या सामायिक व्हॉल्टमध्ये किल्ली ठेवा. पासवर्ड आणि कोड एकाच जागी, असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे; तरी एकाच माणसाच्या फोनपेक्षा मला हे बरं वाटतं. रिकव्हरी कोड छापून गाईडच्या कपाटात. गिटहब असे १६ कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. फोनही गेला आणि हेही हरवले, तर खातं परत मिळेलच अशी हमी नाही.

ईमेलकडेही बघा. मे २०२२ मध्ये पायपीआयवरचं ‘सीटीएक्स’ हे पॅकेज पळवलं गेलं, कारण मेंटेनरच्या ईमेलच्या डोमेनची मुदत संपली होती. कुणीतरी ते डोमेन विकत घेतलं, पासवर्ड रीसेट केला आणि माहिती चोरणारी आवृत्ती चढवली. संस्थेचा ईमेल तुमचाही एक दिवस बंद होणार आहे, तेव्हा खात्याला दुसरा पत्ता जोडून ठेवा.

सीनियर अजून कॅम्पसवर असेल तर डिफेन्सच्या धांदलीआधीच अर्धा तास मागून घ्या. त्याच्याकडून स्वतःला ओनर करून घ्या, आपल्या लॅपटॉपवरून आपल्या खात्याने एक छोटं रिलीज काढून पाहा, आणि ते नीट चढलं की मगच त्याचं नाव काढा.