नम्रतेच्या हातातली काठी

पूर्णेकाठच्या ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. काठ काळ्या मातीचा, निसरडा. पाणी घेऊन वर येणाऱ्या बाया-माणसांचे पाय सटकायचे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडून निघालेल्या देबुजी झिंगराजी जानोरकरांनी पुढच्या काही वर्षांत इथे येऊन आधी हा काठ नीट करायला घेतला. प्रवचन नाही, दीक्षा नाही, टोपल्याने माती वाहणे. पक्का घाट मागून झाला. वऱ्हाडातल्या अध्यात्माचा आढावा घ्यायचा तर ऋणमोचनच्या या चिखलापासून घ्यावा. मनाचा तोल सावरायला इथली माणसे डोंगरावर गेली नाहीत. ती गावात शिरली, आणि तीही फार गोड बोलत नव्हे.

देबूचा, म्हणजे गाडगेबाबांचा, जन्म १८७६ चा, शेंडगावचा. बाप दारूने गेला. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाची जमीन सावकाराने कागदावर गिळली. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा देबू त्यांना आडवा गेला. पुढे डोक्यावर मडक्याचे खापर आणि अंगावर चिंध्या घेऊन फिरणारा माणूस मुळात दबलेला नव्हता, हे यासाठी सांगायचे. गरीब माणसाला नम्रता परिस्थिती शिकवतेच. बाबांची नम्रता त्या जातीची नव्हती.

गावात आले की खराटा हाती घ्यायचा, रस्ता झाडायचा, मगच कुणाची भाकर घ्यायची. संध्याकाळी कीर्तन, तेही सवाल-जबाबाचे, अस्सल वऱ्हाडी बोलीत. देवाला बकरे कापता का? कर्ज काढून लग्न करता का? पोराला शाळेत घालता का? समोरचा हसता हसता खजील व्हायचा. कुणी पाया पडायला वाकले की बाबांची काठी उगारलीच म्हणून समजा. शिष्य केला नाही, मठ उभारला नाही. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, पण त्यात स्वतःसाठी खोली ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. वस्तू आपली असतानाच ती सोडून देणे भल्याभल्यांना साधत नाही.

१९२३ साली खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबले नाही. हा प्रसंग सांगताना वक्त्यांचा आवाज चढतो, स्थितप्रज्ञ वगैरे शब्द येतात. मला मात्र कुंताबाई आठवतात. नवरा उभ्या महाराष्ट्राचा झाला, पोर गेले, आणि धर्मशाळा बांधणाऱ्याची बायको साध्या झोपडीत राहिली. बाबांच्या तोलाची अर्धी किंमत त्या माउलीने मोजली. बाबांसारखे तिच्या नावाचे विद्यापीठ नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला.

माधानचे गुलाबराव महाराज अगदी दुसऱ्या टोकाचे. जन्म १८८१, नवव्या महिन्यात दृष्टी गेली, अवघे ३४ वर्षांचे आयुष्य. त्यात शंभराहून अधिक ग्रंथ लिहवून घेतले. स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवले, कृष्णाची पत्नी मानले, भक्तीसाठी स्त्रीवेश घेतला. गावकऱ्यांच्या टिंगलीची पर्वा केली नाही. शेतकरी कुळातल्या आंधळ्या पोराने वेदान्तावर बोलावे, हेच तेव्हा पुष्कळांना खपत नव्हते.

तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी घेतली आणि एकट्याच्या साधनेला गावाची बैठक दिली. मोझरीला १९३५ साली गुरुकुंज उभारला. १९४२ च्या आंदोलनात नागपूर-रायपूरचे तुरुंग पाहिले. ‘ग्रामगीता’ १९५५ ची, अध्याय ४१. त्यांत शेणखतापासून लग्नखर्चापर्यंत सगळे येते. सामुदायिक प्रार्थनेला कुठल्याही धर्माच्या माणसाने बसावे, हा त्यांचा हट्ट. दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य पंचमीला, त्यांच्या पुण्यतिथीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीत लाखोंचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. एरवी आपल्याकडे चार माणसे दोन मिनिटे गप्प बसवणे किती कठीण, हे शोकसभेला गेलेल्यांना ठाऊक आहे.

अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंचा १९१४ चा आखाडा होता. त्याचेच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि १९३६ साली त्यांचे पथक बर्लिन ऑलिम्पिकमध्ये प्रात्यक्षिके दाखवून आले. त्याच शहराच्या कडेला डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन वसवले. घरच्यांनी ज्यांचे ताट वेगळे केले त्यांना इथे नुसती मलमपट्टी मिळाली नाही, हाताला काम मिळाले. झडलेल्या बोटांनी सतरंजी विणणाऱ्या माणसाला दया नको असते, माल खपायला हवा असतो. दाजीसाहेबांना ते नेमके कळले होते.

आणि आखाड्याचा हा धागा अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला निघतो. शंकरबाबा पापळकरांनी तिथे टेकडीवर चालवलेल्या बालगृहाला अंबादासपंत वैद्यांचेच नाव आहे. स्टेशनवर, कचराकुंडीजवळ टाकून दिलेली मुले. कुणी मतिमंद, कुणी मूकबधिर, कुणी अंध. शंकरबाबा गाडगेबाबांना गुरू मानतात. मुलांच्या कागदपत्रांवर बाप म्हणून त्यांचे स्वतःचे नाव लागते. मुलींची लग्ने त्यांनी बापाच्या नात्यानेच लावून दिली, मुलांच्या हातून त्या उजाड टेकडीवर हजारो झाडे लावून घेतली.

नियम असा की अठरा वर्षे झाली की मुलाने बालगृह सोडायचे. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही त्याने त्या दिवशी जायचे कुठे, याचे उत्तर नियमात नाही. शंकरबाबांनी मुले सोडली नाहीत. २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. त्याच्या आधी आणि नंतरही, जो भेटेल त्या मंत्र्यापुढे त्यांचे मागणे एकच राहिले, की या मुलांना मरेपर्यंत आसरा देणारा कायदा करा.