ठेव नक्की कुठे असते?

माझ्या पासबुकाच्या पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा एक शिक्का आहे. घाईत उमटवलेला, थोडा तिरका. बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवलेला असून बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळेल, असं त्यात म्हटलं आहे. बरीच वर्षं मी तो वाचलाच नव्हता. एके दिवशी बँकेत रांगेत उभं असताना वाचला आणि मनात आलं, हे आश्वासन कुठवर पोचतं? हाच पैसा समुद्रापलीकडच्या खात्यात असता तर?

उत्तर शोधताना पहिला धक्का आपल्याच शब्दाने दिला. आपण म्हणतो ‘ठेव’. डबा फळीवर ठेवला की तो फळीवर असतो. दागिने लॉकरमध्ये ठेवले की ते लॉकरमध्येच असतात, तेच आणि तेवढेच. पैसे बँकेत ‘ठेवले’ की मात्र ते तिथे नसतात. १८४८ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात हे स्पष्ट केलं: बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो आणि ग्राहकाकडे उरतो तो फक्त तो परत मागण्याचा हक्क. म्हणजे आपण धनको, बँक ऋणको. खात्यात दिसणारा आकडा म्हणजे कुणीतरी आपल्याला दिलेला शब्द.

मग त्या ठेवीला पत्ता असतो का? असतो. पण तो तिजोरीचा नसतो. शब्द कोणत्या संस्थेने दिला, कोणत्या देशाच्या कायद्याखाली दिला आणि ती संस्था कोसळली तर मागे कोण उभं आहे, हा ठेवीचा खरा पत्ता. एरवी तो कुणी बघत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये एका आठवड्यात लाखो लोकांना तो एकदम बघावा लागला.

आइसलंडच्या लान्ड्सबांकी या बँकेने २००६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘आइससेव्ह’ नावाची ऑनलाइन बचत योजना सुरू केली. व्याज सहा टक्क्यांहून जास्त. २००८ मध्ये नेदरलंड्समध्येही ती सुरू झाली. ब्रिटनमध्ये तीन लाखांहून अधिक आणि नेदरलंड्समध्ये सव्वा लाखाच्या आसपास ठेवीदार जमले. आइसलंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख २० हजार होती. एका देशाच्या माणसांपेक्षा त्याच्या एका बँकेचे परदेशी ठेवीदार जास्त! आणि आइससेव्ह ही लान्ड्सबांकीची शाखा असल्यामुळे युरोपच्या नियमानुसार त्या ठेवींची पहिली हमी, माणशी २०,८८७ युरोपर्यंत, आइसलंडच्या हमी निधीवर होती. लंडनच्या नागरिकाने लंडनमध्ये बसून पौंडात भरलेल्या पैशाचा पहिला जामीन उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटावर बसला होता. ७ ऑक्टोबरला आइसलंडच्या वित्तीय नियामकाने लान्ड्सबांकी ताब्यात घेतली, तेव्हा त्या निधीला हे ओझं पेलणं शक्यच नव्हतं.

त्याच आठवड्यात कौपथिंग ही दुसरी आइसलंडी बँकही कोसळत होती. तिचीही ब्रिटनमध्ये ‘एज’ नावाची तशीच ऑनलाइन बचत योजना होती. पण एज चालवणारी कौपथिंग सिंगर अँड फ्रीडलँडर ही बँक लंडनमध्ये नोंदवलेली उपकंपनी होती, म्हणून तिच्या ठेवी ब्रिटिश संरक्षणाखाली होत्या. ८ ऑक्टोबरला त्या आयएनजी डायरेक्टकडे सोपवल्या गेल्या आणि ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. शाखा की उपकंपनी, या एका शब्दाने जामीनदाराचा देश बदलला. वरून दोन्ही योजना सारख्याच दिसत होत्या. आइससेव्हच्या ब्रिटनमधल्या सामान्य ठेवीदारांनाही शेवटी पूर्ण पैसे मिळाले, कारण ब्रिटिश सरकारने तसा खास निर्णय घेतला.

तो निर्णय मात्र समुद्राच्या काठाशी थांबला.

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामध्ये आयल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे पौंड चालतो, तेव्हाच्या तिथल्या नोटांवर राणीही तीच होती. पण हे बेट युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची संसद वेगळी, कायदे वेगळे आणि ठेवींची हमीही वेगळी. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या किंवा आखातात नोकरी करणाऱ्या अनेक ब्रिटिशांना ब्रिटनमध्ये पत्ता नसल्यामुळे मायदेशी खातं उघडणं कठीण जायचं, म्हणून ते आपली पुंजी इथे ठेवत. ‘ऑफशोअर खातं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा पैसा येतो. इथल्या अनेक खात्यांत निवृत्तीची किंवा घर विकून आलेली रक्कम होती. काहींनी तर ती डर्बीशर बिल्डिंग सोसायटी या जुन्या इंग्लिश संस्थेच्या बेटावरच्या उपकंपनीत ठेवली होती. २००७ मध्ये ती उपकंपनी कौपथिंगने विकत घेतली. ठेवीदार जागचा हलला नाही; त्याला दिलेला शब्द मात्र आइसलंडी समूहाच्या हाती गेला.

आणि आता या गोष्टीतला मला सर्वात थक्क करणारा भाग. कौपथिंगच्या आयल ऑफ मॅनवरच्या बँकेने आपल्या पैशाचा मोठा हिस्सा, सुमारे ५५ कोटी पौंड, लंडनमधल्या भावंड बँकेत ठेवला होता. म्हणजे ठेवीदारांची ठेव बँकेत आणि बँकेची ठेव दुसऱ्या बँकेत. लंडनची बँक कोलमडली तेव्हा एजचे सामान्य ठेवीदार आयएनजीकडे सुखरूप पोचले. बेटावरच्या बँकेची ठेव मात्र ‘एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेली रक्कम’ म्हणून प्रशासकांच्या ताब्यात अडकली. एकाच इमारतीत एकाच दिवशी दोन ठेवींचं नशीब वेगळं झालं, कारण त्यांच्यामागचे शब्द वेगळे होते. लान्ड्सबांकीच्या गर्न्सी बेटावरच्या उपकंपनीत ज्यांचे पैसे होते, त्यांची अवस्था आणखी बिकट होती: त्या बेटावर तोवर हमी योजनाच नव्हती. ती सुमारे दीड महिन्याने आली, पण पुढच्या संकटांसाठी.

आयल ऑफ मॅनच्या संसदेचं नाव टिनवाल्ड. आइसलंडची संसद, आल्थिंग, शतकानुशतकं ज्या मैदानात भरत असे त्याचं नाव थिंगव्हेटलिर. दोन्ही नावं एकाच जुन्या नॉर्स शब्दापासून आली आहेत. अर्थ ‘सभेचं मैदान’. हजार वर्षांपूर्वी सागर ओलांडून आलेल्या नॉर्स लोकांनी आपली न्याय-निवाड्याची पद्धत दोन्ही बेटांवर रुजवली. आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच परंपरेच्या दोन सभांना एकच निवाडा करायचा होता: बुडालेल्या बँकेच्या पैशावर आधी हक्क कुणाचा?

टिनवाल्डने भरपाईची मर्यादा वाढवली. आधी पहिल्या २०,००० पौंडांच्या ७५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५,००० पौंड मिळत; ती मर्यादा व्यक्तीमागे ५०,००० पौंड झाली. त्यापुढच्या रकमेसाठी लोकांना अवसायनातून हप्त्याहप्त्याने येणाऱ्या पैशाची वाट बघावी लागली. आल्थिंगने ६ ऑक्टोबरच्या रात्री तातडीचा कायदा करून ठेवीदारांना बाकीच्या सगळ्या धनकोंच्या पुढे, रांगेत पहिलं उभं केलं. पुढे वादळ उठलं. ब्रिटन आणि नेदरलंड्सने भरपाई मागितली, आइसलंडच्या जनतेने २०१० आणि २०११ मध्ये सार्वमताने त्या भरपाईचे करार फेटाळले आणि २०१३ मध्ये एफ्टा न्यायालयाने आइसलंडच्या बाजूने निकाल दिला. या सगळ्या गदारोळात लान्ड्सबांकीची मालमत्ता शांतपणे विकली जात होती. रांगेतल्या पहिल्या देण्याचा शेवटचा हप्ता जानेवारी २०१६ मध्ये चुकता झाला. हमी निधीला जे जमलं नसतं, ते रांगेतल्या क्रमाने घडवलं. फक्त त्याला सात वर्षं लागली.

आपल्याकडे या हमीची गोष्ट सुरू होते ती एका मराठी गावाशी जोडलेल्या दुःखातून. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून भारतात ठेव विमा सुरू झाला, मर्यादा १,५०० रुपये. २०२० पासून ती ५ लाख आहे. परदेशी बँकांच्या भारतातल्या शाखाही या छत्राखाली येतात. पण भारताबाहेर स्वीकारलेली ठेव त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. आपल्या ओळखीच्या बँकेचीच पाटी परदेशातल्या रस्त्यावर दिसली, तरी तिथे भरलेल्या पैशाला माझ्या पासबुकावरचा शिक्का लागू होत नाही. तिथली हमी असली तर ती तिथल्या कायद्याची. स्टेट बँकेने २०१८ मध्ये ब्रिटनमधला किरकोळ व्यवसाय तिथे नोंदवलेल्या वेगळ्या उपकंपनीकडे दिला. आइससेव्ह आणि एज यांच्यातला फरक आठवला, की या कागदी वाटणाऱ्या बदलाचं वजन कळतं.

पुण्या-नाशिकातली कितीतरी मुलं आज दुबईत, लंडनमध्ये, सिंगापुरात कमावतात. त्यांनी परदेशी खातं उघडताना व्याजाच्या दराआधी चार गोष्टी विचाराव्यात: ही शाखा आहे की इथली उपकंपनी? हमी कोणत्या देशाची आणि किती रकमेची? हमीच्या वर असलेली माझी रक्कम रांगेत कितव्या नंबरवर? आणि ही बँक माझा पैसा पुढे कुणाकडे ठेवते?

रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी पासबुक मिटलं. तिरक्या शिक्क्याची शाई पुढच्या पानावर किंचित उमटली होती. त्या एका ओळीमागे अकोल्याच्या ठेवीदारांचे बुडालेले पैसे आहेत, हे आता मला ठाऊक आहे.