अल्हाम्ब्राचं पाणी

स्पेनमधल्या ग्रानादा शहरातला अल्हाम्ब्रा हा राजवाडा पाहायला जाल तेव्हा नक्षीवरून नजर काढून पाण्याचा माग घ्या. टेकडीवर पाणी नव्हतं. म्हणून तेराव्या शतकात नासरी सुलतानांनी दारो नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवून सुमारे 6 किलोमीटरच्या पाटानं इथवर आणलं. पंप नाही, फक्त उतार! हा पाट आधी हेनेरालिफेच्या बागेत शिरतो, मग राजवाड्यात. सिंहांच्या चौकातलं 12 संगमरवरी सिंहांचं कारंजं त्याच पाण्यावर चालत असे. बागेतली उंच उडणारी कारंजी मात्र बरीच नंतरची. मूळ रचनेत पाणी शांत होतं.

मला सर्वांत थक्क करतो तो मेंदीसारख्या झुडपांच्या कुंपणाचा चौक. तिथल्या लांबट हौदात कोमारेस बुरुजाचं प्रतिबिंब पडतं. लाटा उठल्या तर ते मोडेल. म्हणून दोन्ही टोकांच्या बुटक्या कारंज्यांचं पाणी उथळ पन्हळीतून, वेग मंदावत हौदात सोडलंय. शिवाय बाष्पीभवन होताना पाणी हवेतली उष्णता शोषून घेतं. ग्रानादाच्या कोरड्या उन्हाळ्यात तर ते झपाट्यानं होतं, आणि चौकालगतची दालनं गार राहतात.