मोरबाका: दिसतो तेवढा जुना नाही

स्वीडनच्या वेर्मलांड प्रांतात सुन्ने गावाजवळ मोरबाका हा वाडा आहे. साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या लेखिका सेल्मा लागरलोव्ह यांचा जन्म 1858 मध्ये इथलाच. दर्शनी खांब, त्यांवर पेललेला सज्जा, वर उंच छप्पर. सेल्मा याच थाटात वाढल्या असं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही. त्यांच्या बालपणीचं घर दीड मजली, बैठं होतं. आजचा वाडा 1921 ते 1923 या काळातला. आराखडा इसाक गुस्ताफ क्लासोन यांचा. स्टॉकहोमचं नॉर्डिक म्युझियमही त्यांचंच. त्यांनी वळण घेतलं ते जुन्या सरदारी वाड्यांचं. लहानपणी नव्हता तो रुबाब सेल्मांनी पासष्टीच्या उंबरठ्यावर उभा केला. याला जीर्णोद्धार म्हणायला माझं मन धजत नाही.

नोबेलच्या पैशांतून वाडा परत मिळवला, ही गोष्टही अर्धीच खरी. वडील 1885 मध्ये वारले आणि पुढे काही वर्षांत कर्जापायी सगळं विकावं लागलं. घर सेल्मांनी 1907 मध्ये विकत घेतलं, तेही लेखनाच्या कमाईवर. नोबेल मिळालं 1909 मध्ये. तो पैसा पुढच्या वर्षी शेतजमीन सोडवायला कामी आला.

वाडा म्हटला की मालक सरदार, हाही एक समज. मोरबाकात आधी पिढ्यान्‌पिढ्या पाद्री राहत. सेल्मांचे वडील सैन्यातले लेफ्टनंट. आणि दगडी भिंतींचं म्हणाल, तर स्वीडनमधले खेड्यांतले बरेच वाडे ओंडक्यांचे असत. ओंडक्यांवर फळ्या ठोकायच्या, फिकट रंग द्यायचा, की लांबून दगडी बांधकामाचा भास होई. फालुनच्या तांब्याच्या खाणीतला प्रसिद्ध लाल रंगही आधी श्रीमंतांनीच विटांचा आभास आणायला लावला. शेतकऱ्यांच्या घरांवर तो नंतर आला.

सेल्मांच्या ‘गोस्ता बेर्लिंग’ कादंबरीतला एकेबी हा वाडा म्हणजे मोरबाकाच, असं काहींना वाटतं. त्याचा नमुना जवळच्याच रॉटनेरोसचा. तिथला मुख्य वाडा 1929 मध्ये जळाला आणि मग नव्याने बांधला गेला.

मोरबाका हे निवांत लेखनाचं ठिकाण होतं असंही समजू नका. इथे शेती होती, गडीमाणसं होती, मजुरीचा खर्च होता. सेल्मांनी ओटच्या पिठाचा कारखानाही काढला. त्या 1940 मध्ये वारल्या. इच्छापत्रात ठरवल्याप्रमाणे वाडा 1942 पासून लोकांना पाहायला खुला झाला.