पत्र्यातील नक्षी आणि प्लाझ्मा कटर

ग्रामपंचायतीची कमान, शाळेचे फाटक, घराच्या खिडकीची जाळी अशा ठिकाणी पत्र्यातून कोरलेले मोर, वेलबुट्टी किंवा गावाचे नाव आता पुष्कळदा पाहावयास मिळते. छिन्नी-हातोड्याने अशी नक्षी काढणे अतिशय वेळखाऊ, तर गॅस कटरच्या ज्योतीने पातळ पत्रा तापून वाकडा होतो. प्लाझ्मा कटरने हे काम सुकर केले आहे.

या यंत्राचे तंत्र 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीत विकसित झाले. अरुंद तोटीतून वेगाने जाणाऱ्या हवेत विजेची ठिणगी पाडली की ती हवा विद्युतवाहक बनते. तिचे तापमान सुमारे 20,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वितळलेला धातू त्याच झोतासरशी उडून जातो. गॅस कटरमध्ये लोखंड प्राणवायूत जळत असल्याने स्टेनलेस स्टील व अॅल्युमिनियम त्याला दाद देत नाहीत. प्लाझ्मा कटर मात्र वीज वाहून नेणारा कोणताही धातू कापतो. त्यासाठी कॉम्प्रेसरमधील हवा कोरडी हवी. ओलसर हवेने तोटी लवकर खराब होते.

यंत्र संगणकावर चालणारे असले, तरी आराखडा माणसालाच करावा लागतो आणि खरे कसब तेथेच आहे. कापाची रुंदी साधारणतः 1 ते 2 मिलिमीटर असते. पत्र्याच्या जाडीहून लहान छिद्र नीट उमटत नाही. देवनागरीच्या बाबतीत एक मौज आहे. इंग्रजी अक्षरे सुटी पडतात. आपली शिरोरेषा मात्र संपूर्ण शब्द एकत्र धरून ठेवते, त्यामुळे नाव अखंड कापून काढता येते. अडते ते अनुस्वारापाशी. ‘पंचायत’ मधील टिंब अधांतरी असल्याने ते बारीक दांडीने जोडावे लागते. उलट, पत्र्यातून अक्षरे आरपार कोरायची झाल्यास ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातील तुकडा गळून पडतो, आणि शिरोरेषेची लांब चीर पत्र्याला कमकुवत करते. तेव्हा मधूनमधून पूल ठेवणे आवश्यक ठरते.

साध्या वेल्डिंग यंत्राचा खुला दाब सहसा 100 व्होल्टच्या आत असतो; येथे तो 200 व्होल्टच्याही वर जातो. म्हणून अर्थिंग, कोरडे हातमोजे आणि गडद काचेचा चष्मा यांत तडजोड नको. जी. आय. पत्रा कापताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने थंडी-ताप येतो. असे काम मोकळ्या हवेतच करावे. हा धूर कारागीर फार हलक्यात घेतात, असे दिसते.

कापल्यानंतर कडेला चिकटलेला मळ ग्राइंडरने काढून रेड ऑक्साइड व वर रंग द्यावा. कोकणातील खाऱ्या हवेत कापलेल्या कडाच प्रथम गंजतात.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील 18 व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठीच्या 15,000 रुपयांत यंत्र व कॉम्प्रेसर दोन्ही बसणे कठीण. परंतु दोन टप्प्यांत मिळून 3 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने, तारणाशिवाय मिळू शकते. पहिला टप्पा 1 लाखाचा आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीस हा लाभ मिळतो. ग्रामीण भागातील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असल्याने लोहाराचा अर्ज तेथे पडून राहिला, तर पुढचे सर्व टप्पे अडतात.